नाद म्हणजे पत्ती : बुडापेस्टमध्ये तारोगातो शिकले त्याची गोष्ट

१५ मार्च २०२३, बुधवार. हंगेरीत या दिवशी सुट्टी असते, १८४८च्या क्रांतीची आठवण म्हणून. लोक छातीवर लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं फूल लावून फिरतात. बुडापेस्टला येऊन मला दीड वर्ष झालं होतं, ऑफिस बंद होतं आणि घरात धुवायच्या कपड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून राष्ट्रीय संग्रहालयासमोरच्या गर्दीत जाऊन उभी राहिले. भाषणातलं एक अक्षर कळत नव्हतं. मग भाषण थांबलं आणि भोंग्यातून एक सूर आला.

पहिली दोन सेकंदं मला वाटलं, सनई. वाईजवळच्या आमच्या गावात आबा, म्हणजे माझे आजोबा, देवळात सनई वाजवायचे. पहाटेच्या काकडआरतीला तो सूर कानावर घेत मी लहानाची मोठी झाले. पण हा सूर सनईइतका टोकदार नव्हता. सनईचा एखादा थोराडा भाऊ असावा, घसा जरा बसलेला, तसा. शेजारच्या बाईंना खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, "तारोगातो," आणि डोळे पुसले.

हे लिहितेय ते त्या दिवसापासून डिसेंबर २०२४पर्यंत काय काय झालं त्याबद्दल. परदेशात राहून तिथलं वाद्य शिकायचं, विकत घ्यायचं आणि ते घेऊन भारतात यायचं, या तिन्ही गोष्टींबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं. कुणाला तरी उपयोग होईल.

आधी एक कबुली. मी हे वाद्य चुकीच्या कारणासाठी निवडलं. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की तारोगातो हे तुर्कांबरोबर हंगेरीत आलेलं, सनईच्या घराण्यातलं दोन पत्त्यांचं वाद्य (पत्ती म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी वेताची पातळ पट्टी). १५४१ ते १६८६ बुडा शहर ऑटोमन सत्तेखाली होतं. पुढे १७०३ ते १७११ राकोत्सी या हंगेरियन सरदाराने हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध बंड केलं, त्या बंडखोरांचं, 'कुरुत्स' सैनिकांचं, हे लाडकं वाद्य. बंड मोडल्यावर सरकारने ही वाद्यं जप्त करून जाळली, असंही सांगतात. मी एवढं वाचलं आणि थांबले. तुर्की झुर्ना, इराणी सुर्ना, आमची सनई आणि हे तारोगातो, सगळी चुलत भावंडं! त्या रात्री गावी आण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन करून सांगितलंसुद्धा, "इथं आपली सनई आहे." ते "बरं" म्हणाले. आमच्या घरात सनई मुलग्यांना शिकवतात. मला कुणी मुद्दाम नाही म्हटलं नाही, पण कुणी हातातही दिली नाही. नऊ वर्षांची असताना आबा झोपल्यावर दोन-चार वेळा चोरून फुंकली होती, तेवढंच माझं शिक्षण.

पुढची चार पानं वाचली असती तर कळलं असतं की मी संग्रहालयासमोर ऐकलं ते वाद्य वेगळंच होतं.

शिक्षक शोधण्यात एप्रिल आणि मे गेले. तीन संगीतशाळांना ईमेल केले. एकीचं उत्तरच आलं नाही. दुसरीने कळवलं की त्यांच्याकडच्या जागा शाळकरी मुलांसाठी आहेत. तिसरीने एक फॉर्म पाठवला, तो मी भाषांतराच्या अॅपवर दोन रात्री बसून भरला, आणि मग कळलं की तो बासरीच्या वर्गाचा होता. शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात सरळ आत गेले आणि विचारलं. त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर एक नंबर लिहून दिला. दोन महिन्यांत जे झालं नाही ते चार मिनिटांत झालं. तुम्ही शिक्षक शोधत असाल तर आधी दुरुस्तीवाल्याकडे जा. कोण खरंच शिकवतं आणि कोणाचं वाद्य नीट ठेवलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शिक्षक सत्तरीतले, क्लॅरिनेट शिकवून निवृत्त झालेले. त्यांना 'तनार उर' म्हणायचं, आपल्या 'गुरुजी'सारखं. नावाने हाक मारायची नाही. ४५ मिनिटांचे ७,००० फोरिंट. सुरुवातीचे चार महिने त्यांनी त्यांचंच दुसरं वाद्य वापरायला दिलं, पण ते माझं घर आणि त्यांचं घर सोडून कुठे न्यायचं नाही या अटीवर. त्यांचं घर मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर, शेवटच्या मेक्सिकोई स्थानकाजवळ. ही मेट्रो १८९६ची आहे. बुटके डबे, टाइल लावलेली स्थानकं, रस्त्यावरून वीसेक पायऱ्या उतरलं की लगेच फलाट.

पहिल्याच दिवशी मी सनई, झुर्ना, तुर्क, राकोत्सी असं सगळं सांगून टाकलं. तनार उरांनी शांतपणे ऐकलं, वाद्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे या मेट्रोच्या वयाचं आहे."

तेव्हा कळलं ते असं. १८९६ साली हंगेरियन लोक या प्रदेशात आल्याला हजार वर्षं झाल्याचा मोठा सोहळा झाला. त्या दशकात जुनं, आपलं, राष्ट्रीय असं जे जे असेल ते शोधून काढायची हौस देशाला लागली होती. जुनं तारोगातो सभागृहात वाजवायला फार कर्कश, आणि ते वाजवणारेही उरले नव्हते. तेव्हा शुंदा वेंत्सेल योझेफ या बुडापेस्टच्या वाद्यकाराने नाव जुनं ठेवून वाद्य नव्याने बनवलं. याच शुंदाने १८७४ साली पाय आणि पेडल लावलेलं मोठं सिंबालोम बनवलं होतं. सिंबालोम म्हणजे काठ्यांनी वाजवायचं, आपल्या संतूरच्या जातीचं वाद्य. तारोगातोच्या बाबतीत श्तोवासेर यानोश हा दुसरा वाद्यकारही मैदानात होता, आणि श्रेय कुणाचं यावरून दोघांत जुंपली होती. तनार उरांचं स्वतःचं वाद्य श्तोवासेरचं, त्यामुळे या वादात त्यांचं मत काय असणार हे उघड होतं.

नव्या वाद्यात दोन पत्त्या गेल्या, क्लॅरिनेटसारखा माउथपीस आणि त्यावर बांधलेली एकच पत्ती आली. अंग लाकडाचं, वर चाव्या. पण आतली नळी मात्र सनईसारखी, वरून खाली रुंद होत जाणारी. ही आतली गोष्ट फार महत्त्वाची आहे. क्लॅरिनेटची नळी वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची असते, म्हणून जोर लावून वरच्या पट्टीत गेलं की सूर सप्तक ओलांडून आणखी पाच स्वर पुढे उडी मारतो आणि बोटांचा हिशोब बदलतो. शंकूसारख्या नळीत बरोबर सप्तकाचीच उडी बसते. म्हणजे खालच्या सा-ला जी बोटं, तीच वरच्या सा-ला. सनईत तसंच, सॅक्सोफोनमध्ये तसंच, तारोगातोत तसंच. खालच्या भोंग्याच्या भागाला काही भोकं असतात, त्यांच्यावर ना बोट ठेवायचं असतं ना चावी असते. मी पहिल्या दिवशी ती बंद करायला बोटं शोधत होते. तनार उर म्हणाले, "ती त्याची. त्याला श्वास घेऊ दे."

थोडक्यात, मी लाकडी सॅक्सोफोन शिकायला आले होते. परत जाताना मेट्रोत बसून चक्क फसवल्यासारखं वाटलं, आणि फसवणारीही मीच. पण ७,००० फोरिंट देऊन आले होते आणि पुढच्या मंगळवारची वेळ ठरली होती.

भाषेमुळे पहिला महिनाभर विनोद झाले. पत्तीला हंगेरियनमध्ये म्हणतात 'नाद'. अक्षरशः नाद. मुळात अर्थ वेताचं, बोरूचं झाड. तनार उर पहिल्या दिवशी म्हणाले, "नाद कुठाय?" मला वाटलं हा माणूस नादब्रह्मावर बोलणार. त्यांनी बोट दाखवलं ते पत्तीच्या डबीकडे. चाव्यांखालच्या गादीला म्हणतात 'पार्ना', म्हणजे उशी. आणि सुरांची नावं! आपल्याला इंग्रजी पद्धतीत ए-बी-सी शिकवतात. हंगेरियन लोक जर्मन पद्धतीने चालतात. त्यांचा 'बे' म्हणजे आपला बी फ्लॅट, आणि शुद्ध बी-ला ते 'हा' म्हणतात. तारोगातो 'बे'मध्ये लावलेलं असतं. मी तीन आठवडे घरी तानपुऱ्याचं अॅप शुद्ध बी-वर लावून बसत होते आणि बेसुरेपणाबद्दल स्वतःला कोसत होते. शेवटी हार्मोनियमच्या भाषेत लिहून ठेवलं तेव्हा डोक्यात बसलं: बोटांखाली सी धरला की कानाला येते ती काळी पाच. तुम्ही पेटी शिकला असाल तर सगळं आधी काळी-पांढरीत मांडून घ्या.

सप्टेंबरमध्ये स्वतःचं वाद्य घ्यायचं ठरवलं. एका जाहिरातीत सुंदर तपकिरी, जुनं वाद्य होतं, किंमतही आवाक्यातली. खाली लिहिलेलं लाकूड, 'पालिसांदेर'. फोटो बघून मी जवळजवळ पैसे पाठवलेच होते. तनार उरांनी एकच प्रश्न विचारला, "हे तू भारतात नेणार आहेस का?"

पालिसांदेर म्हणजे आपल्या शिसवाच्या जातीचं लाकूड. ही सगळी जात, डालबर्जिया, धोक्यातल्या वनस्पतींच्या व्यापारावर जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटीस, त्याच्या यादीत आहे. त्यातही ब्राझीलचं शिसव १९९२पासून सगळ्यात कडक यादीत आहे. जुनं वाद्य नेमकं कुठल्या शिसवाचं हे विकणाऱ्याला सांगता येईना. ब्राझीलचं निघालं तर युरोपबाहेर नेताना परवाने, वयाचा पुरावा, तज्ज्ञाचं पत्र. बाकीच्या डालबर्जिया जाती २ जानेवारी २०१७पासून दुसऱ्या, जरा सौम्य यादीत आल्या, आणि जगभरच्या वादकांनी आरडाओरडा केल्यावर २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ती सूट नाही. मी तपकिरी वाद्य सोडलं. अजूनही कधीकधी तो फोटो उघडून बघते.

१४ ऑक्टोबर २०२३ला केचकेमेटला गेले. न्युगॉती स्थानकावरून आगगाडीने दीडेक तासाचा रस्ता. तिथल्या एका गृहस्थांकडे १९९८ साली बनवलेलं तारोगातो होतं. मुलासाठी घेतलेलं, मुलगा गिटारकडे वळला, वाद्य कपाटात गेलं. काळं, जड, आफ्रिकन ब्लॅकवुडचं, ज्याला तिकडे ग्रेनादिल म्हणतात. मूळ पावती जपून ठेवलेली आणि तिच्यावर लाकडाचं नाव लिहिलेलं. त्या पावतीसाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. किंमत ५,४०,००० फोरिंट, तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपयांच्या आसपास. घासाघीस केली नाही. करायला हवी होती का, माहीत नाही, पण काकूंनी आधीच केक पुढे ठेवला होता.

पैसे देण्याआधी काकांनी खरेदीखत काढलं. दोन प्रती, दोन साक्षीदार. साक्षीदारांचं नाव, पत्ता, सही. शेजारच्या घरातून एक जोडपं बोलावलं. हंगेरीत कुठलाही कागद असो, त्यावर आईचं नाव लागतं, तेही माहेरचं. आपल्याकडे आयुष्यभर वडिलांचं नाव मधे लावून झालेलं, इथे बँकेत, डॉक्टरकडे, वाद्याच्या खरेदीखतावर, सगळीकडे माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव. आडनाव मात्र आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. हे खत खासगी व्यवहारात मागून घ्याच. पुढे मालकी सिद्ध करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

वाद्य घरी आलं आणि मी गाढवपणा केला. पंचवीस वर्षांचं असलं तरी ते अनेक वर्षं वाजलेलं नव्हतं. अशा लाकडाला नव्यासारखंच वागवायचं असतं, पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. आतून ओलं आणि बाहेरून कोरडं, असं झालं की लाकूड ताणलं जातं. हे मला सांगितलेलं होतं. पण नाद लागला होता, रोज दीड तास वाजवत होते. त्यात डिसेंबर आला, घरातले हीटर सुरू झाले, हवा पापडासारखी कोरडी. ११ जानेवारी २०२४ला संध्याकाळी वाद्य जोडताना वरच्या भागावर केसासारखी एक रेघ दिसली. मला खरंच केस वाटला. नखाने काढायला गेले तर निघेना. बोट फिरवलं आणि पोटात गोळा आला.

कारागिराने (तोच, चिटोऱ्यावाला) भिंग लावून पाहिलं. तडा चार सेंटीमीटर, आतपर्यंत गेलेला नाही. तो डिंकाने भरून पिन घालून बसवायचा, आणि हात लावलाच आहे तर सगळ्या उशा बदलून घ्यायच्या. ९५,००० फोरिंट, सात आठवडे. पुढे काम पाहायला एकदा गेले होते. प्रत्येक चावीखाली तो सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी सरकवायचा, चावी बंद करायची आणि हळूच कागद ओढायचा. एका बाजूला कागद अडला आणि दुसऱ्या बाजूला सुटला की ती उशी तिरकी. मग खालची लाख गरम करून किंचित हलवायची, परत कागद. एकाच चावीवर त्याने नऊ वेळा हे केलं. कागद सगळीकडून सारखा अडला तेव्हा तो "ह्म्" एवढंच म्हणाला. वाद्य परत देताना सांगितलं, पेटीत संत्र्याची साल ठेव, ओलावा राहतो, दर दोन दिवसांनी बदल नाहीतर बुरशी. तेव्हापासून हिवाळाभर आमच्याकडे संत्री संपतात.

या सात आठवड्यांत हातात वाद्य नव्हतं, तरी तनार उरांनी तास बंद केला नाही. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. 'त्योरोक्शीप', शब्दशः तुर्की पिपाणी. जुन्या तारोगातोची आजच्या कारागिराने केलेली प्रतिकृती. एकही चावी नाही. सात भोकं, खाली पसरट तोंड, वर दोन पत्त्यांची बारीकशी जोडी.

त्यांनी पत्ती माझ्या हातात दिली आणि सूचना सांगायला लागले. तोवर मी ती तोंडात टाकून भिजवायला सुरुवात केली होती. कुणी शिकवलं नव्हतं. आबा तसं करायचे, ओट्यावर बसून, गालात पत्ती ठेवून, इकडे जत्रेच्या गप्पा. तनार उर थांबले. मी वाद्य तोंडाला लावलं, डोळे मिटले आणि फुंकलं. पहिल्या फुंकरीला सूर लागला. घाणेरडा, थरथरता, पण तो. बैठकीच्या खोलीत काकडआरतीची वेळ झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी जमिनीवर पाय आपटले.

तनार उर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग माझं कशाला शिकतेस?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. थोडं आता देते. त्योरोक्शीप मला ओळखीचा होता, पण त्यावर मी फार तर आबांची नक्कल केली असती, तीही वाईट. एका पत्तीच्या या वाद्यावर कुणाचीच नक्कल मला येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तोवर मला त्याचा तो बसलेला घसा आवडायला लागला होता. शुंदाने जे बनवलं ते जुनं नसेल, पण शंभरहून जास्त वर्षं लोक त्यावर रडतायत. पहिल्या महायुद्धानंतर ते शेजारच्या रोमानियात बनातच्या खेड्यांमधून असं रुजलं की तिथले लोक 'टारागोट' म्हणून ते आपलंच मानतात. दुमित्रू फर्काश (१९३८–२०१८) यांची वाजवणी एकदा ऐकाच. लग्नाच्या वरातीचा वेग आणि एक स्वर चुकत नाही. हंगेरियन लोक यावर संथ, दुखरं वाजवतात, रोमानियन नाचायला लावतात. तनार उरांसमोर मात्र मी फर्काशचं नाव जपून काढते.

मार्चपासून परत सराव. बोटांखालची भोकं उघडी असतात, त्यामुळे बोट हळूच सरकवत उघडलं तर दोन सुरांमध्ये मींड काढता येते. तनार उरांना हे आवडायचं नाही, "सूर धर, चाटू नकोस." घरी गेल्यावर मी चाटायचेच. बिल्डिंगमध्ये रात्री दहानंतर आवाज बंद असा नियम, मी आठला थांबायचे, तरी एप्रिलमध्ये लिफ्टशेजारी चिठ्ठी लागली: 'तिसऱ्या मजल्यावरील वादकास विनंती'. चिठ्ठी लिहिणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या आजी, इथे 'नेनी' म्हणतात, त्यांच्याकडे केळ्याचे वेफर्स घेऊन माफी मागायला गेले. त्यांची तक्रार तारोगातोबद्दल नव्हतीच. "गाणी वाजव," त्या म्हणाल्या, "पण ते वर-खाली वर-खाली बंद कर." म्हणजे माझे अलंकार. पलटे मी तेव्हापासून रविवारी दुपारी, त्या लेकीकडे जेवायला गेल्यावर करते. तुम्हीही वाद्य घरी आणायच्या आधी शेजाऱ्यांशी बोला, नंतर नको.

८ जून २०२४, शनिवार. तनार उरांच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम, शहराबाहेरच्या एका सांस्कृतिक केंद्रात. दुसऱ्या दिवशी निवडणुका, रस्त्याभर खांबांवर फलक. नऊ विद्यार्थी, त्यात मी सगळ्यात मोठी, आठजणांचं वय बेरीज करून भागलं तर चौदा निघेल. दीड पानाची कुरुत्स काळातली धून. मधे माझी पत्ती चिरकली, बदकासारखी. पहिल्या रांगेतला एक मुलगा हसला, त्याच्या आईने त्याला चिमटा काढला, तोवर मी पुढच्या ओळीत होते. झालं.

आता कागदपत्रं. २ सप्टेंबरला सायटीसचं काम बघणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याला ईमेल केला. सोबत मूळ पावती, खरेदीखत, चार फोटो, आणि कारागिराचं त्याच्या शिक्क्यासह पत्र, ज्यात लाकडाचं शास्त्रीय नाव होतं: डालबर्जिया मेलानोक्सिलॉन. हे नाव लिहायला विसरू नका, 'काळं लाकूड' म्हणून काही चालत नाही. आठ दिवसांनी पोच आली. मग शांतता. मी दुसऱ्यांदा लिहिलं नाही, कारण ऑफिसमधल्या हंगेरियन मैत्रिणीने सांगितलं, "घाई केलीस की फाइल खाली जाते." आपल्याकडेही हेच शास्त्र आहे. २५ सप्टेंबरला उत्तर आलं, तेवीस दिवसांनी, चार ओळी: हे तयार वाद्य आहे, या जातीच्या तयार वाद्यांना सूट आहे, परवाना लागणार नाही. एवढ्या चार ओळींसाठी मला तीन रात्री झोप लागली नव्हती. पत्राची प्रत काढली, इंग्रजी भाषांतर जोडलं, सगळं पेटीच्या कप्प्यात.

२० डिसेंबरला निघाले, इस्तंबूलमार्गे. वाद्य हातसामानात, सामानाच्या पोटात अजिबात नाही, थंडीत लाकूड उलतं. बुडापेस्टला तपासणीत पेटी उघडायला लावली. तरुण पोरगा होता. वाद्य बघून त्याने "तारोगातो," असं स्वतःशीच म्हटलं आणि पेटी दोन्ही हातांनी बंद केली. मुंबईला मी फाइल छातीशी धरून कस्टमसमोर गेले. कुणी विचारलंच नाही. एका अधिकाऱ्याने हात हलवून पुढे जायला सांगितलं, त्याला मागच्या माणसाचा टीव्ही दिसत होता.

गावी दुपारी पोचले. आण्णा तेव्हा ७४ वर्षांचे होते, सनई सोडून सहा वर्षं झाली होती, दात गेल्यावर. मी ओट्यावर पेटी उघडली, तीन तुकडे जोडले. त्यांनी वाद्य हातात घेतलं, वजन केलं. चाव्या दाबून पाहिल्या. "बँडवाल्यांचं आहे," म्हणाले. मग माउथपीस उलटा करून डोळ्याजवळ नेला, पत्तीवर अंगठा फिरवला, परत खालून पाहिलं.

"एकच पत्ती? दुसरी कुठाय?"

"एकच असते."

"आँ." वाद्य परत दिलं. आत गेले. मला वाटलं चहाला गेले. बाहेर आले ते आबांची सुराची सनई घेऊन, जिच्यावर शेवटपर्यंत एकच सूर धरून ठेवतात ती, आणि स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकलेली पत्ती. पंधरा मिनिटं ती भिजेपर्यंत आम्ही पावसाबद्दल आणि उसाबद्दल बोललो. सुराला दात कमी लागतात, ते म्हणाले.

त्यांचा सूर काळी पाचच्या जरासा खाली होता. माझा त्यावर घासत होता. मी माउथपीस बुचावर दोन मिलिमीटर बाहेर ओढला. अजून घासत होता. आणखी ओढला, बुचाची पांढरी कड दिसायला लागली. आण्णांनी सूर न सोडता भुवया उचलल्या, मान एकदा हलवली.